कृष्णा मिसची चार दळणं

सेक्टर ३३, चंदीगड
१४ नोव्हेंबर १९८७

लीना,

शनिवारी दुपारी शिवणाच्या वर्गात आपण दोघी खाकी कागद ताणून धरायचो. तू त्या टोकाला, मी या टोकाला. कृष्णा मिस शिवणाच्या खुणांसाठी असलेल्या दातेरी चाकानं त्यावर स्वरलिपीच्या पाच-पाच रेघा ओढायच्या. एकदा ऐन रेघेत तू शिंकलीस. कागद हलला आणि पाचही रेघा डोंगर चढल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मिस म्हणाल्या, "राहू दे. लीने, ही ओळ आता सर्दी झाल्यासारखी वाजव." आणि तू ती खरंच नाकात वाजवलीस. व्हायोलिन नाकात कसं वाजवतात ते मला अजून कळलेलं नाही.

मायन्यात नुसतं 'लीना' लिहिलं आहे. आधी 'प्रिय' घातलं होतं, मग दुसरा कागद घेतला. अक्षरावरून ओळखलं नसशील तर सांगते, मी सुहासिनी. तेव्हाची घाटे, आता बापट. तुझा जबलपूरचा पत्ता सुरेखाच्या मुलीनं दिला. सुरेखा जुलैत गेली, हे तुला कळलं असेल. मी नागपूरला भेटायला गेले होते. निघताना मुलीनं ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली वही हातात ठेवली. "आई म्हणाली होती, ही सुहासमावशीला द्या." उघडली, तर त्याच दातेरी रेघा आणि वर मिसचं किरटं अक्षर : 'चार दळणं. आवाज.'

तीच, आपण तिघींनी सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत धरमपेठेतल्या बायकांच्या मंडळात एकदाच वाजवलेली. सुरेखा गायली, तू व्हायोलिन, मी पायपेटी. त्यानंतर ती कुणी वाजवली नाहीत. आता वाटतं, आपल्या शाळेला एक रचनाकार मिळाली होती आणि शाळेनं तिच्याकडून एकवीस वर्षं काजं करून घेतली. बालविधवा बाई, रेल्वे कॉलनीतल्या मॅडमकडे पडदे शिवायला जायची आणि मजुरीऐवजी पियानो शिकवा म्हणायची. आईच्या जात्यावरचे सूर उचलून तिनं पाच रेघांवर बसवले. गवयांना ते चर्चचं वाटे, आपल्या कॉन्व्हेंटच्या मदरना देवळाचं. एकसष्टमध्ये अमरावतीला पुतण्याच्या घरी मिस वारल्या. त्यांचे कागद मी विचारले. पुतणसून म्हणाली, "बेतायचे कागद होते, फडताळात अंथरले."

माझी पायपेटीची वही माझ्याजवळ आहे. नंदकुमारच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, सात बदल्यांत ती ट्रंकेतून ट्रंकेत गेली. राहिली तुझी. मिसनी सगळं एकत्र कधी लिहिलंच नाही. युद्धातला कागद, तोही शिवणाच्या कपाटातून उचललेला. जिचा भाग तिच्या वहीत, आणि वही तिच्या घरी. मी विचारलं होतं, "मिस, एक वही हरवली तर?" मिस म्हणाल्या, "तर त्या पोरीला शोधून आणायचं."

म्हणून शोधते आहे. मूळ वही पाठवायची नसेल तर झेरॉक्स पाठव. दोन वह्यांवर दळण वाजत नाही. मी डाव्या हातानं जातं फिरवत राहते आणि दाणे कुठून पडताहेत ते कळत नाही.

शाळेला न विचारता केलेल्या आपल्या कार्यक्रमाचं मदरना कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नागपूर तेव्हा लहान होतं, कुणीही सांगितलं असेल. तू शाळा सोडलीस तेव्हा मी तापानं अंथरुणाला खिळले होते, नाहीतर आले असते.

सुहासिनी

*

चंदीगड
७ फेब्रुवारी १९८८

लीना,

पत्र परत आलं नाही, तेव्हा पोचलं असं धरते. उत्तर नको देऊस, पण वाच.

मला वाजवणारी माणसं मिळाली आहेत. इथे सतार आहे, तबला आहे, कीर्तनातली पेटी आहे. पण पाच रेघांवरचं वाचणार कोण? माझा पियानो चंडीमंदिर छावणीतल्या एका कर्नलीणबाईंकडून घेतलेला. त्याच म्हणाल्या, "फौजी बँडवाले वाचतात की!" त्यांनी पाठवले सुभेदार अजैब सिंग. लष्कराच्या बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, आता निवृत्त. खरडच्या पुढे त्यांचं गाव आहे, तिथून दर रविवारी बसनं येतात. पांढरी दाढी, इस्त्रीची पँट, आणि बूट असे की त्यात तोंड बघावं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी वही उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "ये किसी लेडी ने लिखा है?"

"आपको कैसे पता?"

"साँस लेने की जगह दी है, बहनजी. हमारे बँड मास्टर तो बंदे की जान लेकर ही छोडते थे."

आवाजाला अन्नम्मा आहे. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नर्स, कोट्टयमची, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेली. मराठी शब्द तिनं मल्याळम लिपीत लिहून घेतले आहेत. सुरेखाच्या वहीतली ती ओवी तुला आठवतेच :

जातं फिरतं फिरतं, पीठ साऱ्यांच्या वाट्याला
दाणा कुणी पेरियेला, पुसू नये ग जात्याला

मी अर्थ सांगितला. अन्नम्मा म्हणाली, "ये पत्थर हमारा घर में भी था. अम्मा उस पर बैठके रोता था."

"गाती होगी," मी म्हटलं.

"दोनों," ती म्हणाली आणि नाक पुसून पुन्हा गायला लागली.

नंदकुमारना यातलं काही कळत नाही. रविवारी अकराला फाटक वाजलं की आतून हाक येते, "सुहास, तुझी फौज आली. भजी तळ." तेही या घराला हवंच होतं. नयना, माझी मुलगी, दिल्लीला असते. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, आज कुठे काय झालं. इथे अंधार पडायच्या आत सगळे घरी असतात. बस थांबवून माणसं उतरवतात, पगडी बघून पोलीस, पगडी नाही म्हणून अतिरेकी. पेपर मी मागच्या पानापासून वाचते.

गेल्या वर्षी त्या खलिस्तानवाल्या मुलांनी फर्मान काढलं : लग्नात बँड नको, नाचगाणं नको. अजैब सिंग गावातल्या पोरांना बँड शिकवायचे, ते बंद झालं. त्यांचं क्लॅरिनेट ते आमच्याकडेच ठेवून जातात, पियानोच्या स्टुलाच्या पेटीत. बसमध्ये पोलीस सामान उचकतात, त्यामुळे असेल.

तुझा भाग नाही म्हणून तालमीत तेवढ्या जागा रिकाम्या जातात. आम्ही दोघी थांबतो आणि सुभेदारसाहेब पायानं ताल धरून मोठ्यांदा मोजतात, "एक-दो-तीन-चार, दो-दो-तीन-चार." एकदा त्यांनी विचारलं, "ये जो बीबी नहीं आई, ये नाराज है क्या?"

मी हो म्हटलं.

"फौज में नाराज आदमी भी परेड में आता है," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पर वो फौज में तो है नहीं."

लीना, एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. मदरनी त्या वेळी मला बोलावलं होतं, हे खरं आहे. पण त्यांच्यासमोर मी तोंडातून एक शब्दही काढला नाही. हे देवाशपथ सांगते.

सुहासिनी

*

चंदीगड
२१ मार्च १९८८

लीना,

वही आली. रजिस्टर्ड पोस्टानं, जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवलेली, आत चिठ्ठी नाही. मी अभ्रा उलटा करून झटकला. मग वाटलं, वही आली यापेक्षा जास्त चिठ्ठी कुठली?

डोंगर चढलेल्या रेघा तिसऱ्या पानावर आहेत. मी किती वेळ त्याच बघत बसले.

सुभेदारसाहेबांना वही दिली तेव्हा त्यांनी आधी हात धुतले. क्लॅरिनेटला तुझा भाग जसाच्या तसा चालत नाही, सगळा एका सुरानं वर चढवून लिहावा लागतो. ते काम त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तीन रविवारांत केलं, फौजी अक्षरात, पट्टी लावून. लिहिता लिहिता बोलत होते. "इस बीबी ने ये लाइन बहुत रगडी है. देखो, कागज पतला हो गया." आणि, "यहाँ पेन्सिल से कुछ लिखा है." तिथे तू लिहिलं होतंस, 'सुहास इथे धावते, थांबायचं नाही.' मी वाचून दाखवलं तर अन्नम्मा इतकी हसली की पदर तोंडात घातला. ती म्हणाली, "मॅडम, अभी भी."

सगळं पहिल्यांदा एकत्र वाजलं ते काल. तिसऱ्या दळणात तुझा सूर सुरेखाच्या सुराखालून येऊन वर निघतो, ते मी विसरलेच होते. मी धावले. कुणी थांबलं नाही.

कार्यक्रम ठरला आहे. शनिवार, २३ एप्रिल, सकाळी अकरा, इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या हॉलमध्ये. संध्याकाळी कुणी येणार नाही म्हणून सकाळी. मी कार्ड छापायला टाकलं आहे, हिंदी आणि इंग्रजीत. तुला आठवतं, धरमपेठेत दारावरच्या फळ्यावर मिसनी नुसतं लिहिलं होतं, 'काही विद्यार्थिनी चार दळणे सादर करतील.' त्यांचंही नाव नाही, आपलीही नाहीत. म्हणून तर आपण वाजवलंच नव्हतं असं झालं. बाईंची विनयाची कल्पना! या वेळी मी ते होऊ देणार नाही. वर मिसचं पूर्ण नाव, कृष्णाबाई सरवटे. खाली १९४६ साली वाजवणाऱ्या तिघी. त्याखाली आत्ताचे तिघे, नाव, हुद्दा, गाव सगळं.

सुभेदारसाहेबांनी कार्डाचा मजकूर वाचला आणि चष्मा काढला. "मेरा नाम रहने दीजिए, बहनजी."

"का? तुमच्याइतकं काम कुणी केलं आहे?" मी हिंदीत विचारलं.

"रहने दीजिए. बाजा सुनाई देगा, काफी है."

मी म्हटलं, हेच तर आमच्या मिसचं झालं. हेच वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचं होतं. लिहिणारीचं नाव फडताळात जातं आणि वाजवणाऱ्याचं तेवढंही नाही. मी बरंच बोलले. कॉन्व्हेंटमधला वक्तृत्वाचा कप मला उगीच मिळाला नव्हता. ते ऐकत राहिले. चहा संपवला, कप बशीवर उलटा ठेवला.

"जैसी आपकी मर्जी," म्हणाले.

इतका संकोची माणूस मी पाहिला नाही.

सुहासिनी

*

चंदीगड
२४ एप्रिल १९८८

लीना,

झालं. काल झालं. सदतीस माणसं होती. त्यातली वीस-बावीस आपली, बदल्यांवर आलेली, हवाई दलातली दोन जोडपी, बाकीचे पंजाबी शेजारी आणि अन्नम्माच्या वॉर्डातल्या चार नर्सा, ड्यूटीच्या कपड्यांत. दारावर पोलीस होता. तो दुसऱ्या दळणाला आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

कसं झालं ते मला सांगता येत नाही. पहिल्यात मी घाबरले होते. दुसऱ्यात अन्नम्माचा आवाज एकदा चिरला. तिसऱ्यात तुझी ओळ आली. लीना, क्लॅरिनेट हे वाऱ्याचं वाद्य, त्यात माणसाचा श्वास असतो. त्यांनी ती ओळ अशी वाजवली की वाटलं, कुणीतरी दळता दळता मान वर करून दाराकडे पाहतं आहे. चौथं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग नंदकुमारनी एकट्यानं सुरू केल्या, फार जोरात, आणि सगळ्यांनी धरल्या.

एक म्हातारी पंजाबी बाई सुभेदारसाहेबांना म्हणाली, "भाजी, साडे पिंड विच वी ऐंवें ही गांदियाँ सन." दादा, आमच्या गावातही बायका अशाच गायच्या, म्हणाली. त्यांनी नुसते हात जोडले.

कार्ड सोबत ठेवते. पेपरातलं कात्रणही. मीच बातमी नेऊन दिली होती आणि त्यांनी नावांसकट छापली, तारखेच्या दोन दिवस आधी. तुझं नाव बघ. ४६ साली छापायला हवं होतं ते.

मिसना हे दिसायला हवं होतं, असं काल दहा जणांना म्हणाले. तुला म्हणायचं राहिलं होतं.

तुझीच म्हणवत नाही, पण
सुहासिनी

*

चंदीगड
१६ मे १९८८

लीना,

गुरुवारी अजैब सिंगांना गोळ्या घालून मारलं.

सकाळी, गावच्या बसथांब्यावर. दोघे मोटारसायकलवरून आले होते. पेपरात चार ओळी आहेत, त्यांत 'माजी सैनिक' लिहिलं आहे. नाव चुकीचं छापलं आहे, अजायब.

रविवारी अकराला आम्ही दोघी बसलो होतो. अन्नम्मा ड्यूटी बदलून आली होती. आम्ही वाजवलं नाही. नंदकुमार आतून बाहेर आले, बसले आणि पुन्हा आत गेले.

रस्त्यावर जागोजाग तपासणी आहे, गावाला कुणी जाऊ देत नाही. दहाव्या दिवशी त्यांच्यात पाठाची समाप्ती असते, त्या दिवशी जाईन म्हणते.

क्लॅरिनेट स्टुलात आहे.

सुहासिनी

*

चंदीगड
२८ ऑगस्ट १९८८

लीना,

तीन महिने लिहिलं नाही. आज सगळं लिहिते, कारण मंगळवारी बत्तीसच्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन आहे. गाठ आहे. डॉक्टर चांगले आहेत आणि अन्नम्मा त्या मजल्यावर आहे, पण ती माझ्याकडे बघताना हसते, तेवढ्यावरून मी ओळखलं आहे.

भोगाला, म्हणजे त्या पाठाच्या समाप्तीला, मी गेले होते. नसीब कौर, त्यांची बायको, माझ्याएवढीच आहे. तिला माझं नाव माहीत नव्हतं. चंदीगडला डोळ्यांच्या औषधाला जातो, असं ते घरी आणि गावात सांगून निघत. गेल्या वर्षी त्या मुलांनी गावातले ढोल फोडले तेव्हा अजैब सिंगांनी गुरुद्वारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाजा विकला, आता हात लावणार नाही. म्हणून क्लॅरिनेट माझ्या घरी राहत होतं. पोलिसांमुळे नव्हे.

एप्रिलच्या अखेरीला त्या मुलांपैकी तिघे त्यांच्या घरी आले. हातात कात्रण होतं. "बाबा, तूँ ते कहंदा सी वाजा वेच दित्ता?" बाजा विकला म्हणालास ना? खाली नाव, हुद्दा, गाव. गाव लिहिलं नसतं तर अजैब सिंग पंजाबात शेकड्यांनी सापडतील. मला हे त्यांनी नंतर एकदाही सांगितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी येऊन त्यांनी भजी खाल्ली होती.

मी नसीब कौरला सांगितलं, की नाव मी छापलं. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी छापलं. तिला समजलं की नाही म्हणून पुन्हा सांगितलं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिनं विचारलं, "चंगा वजाया सी?"

चांगलं वाजवलं का त्यांनी.

मी हो म्हटलं. तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता दुसरं. मदरसमोर मी तोंडातून शब्द काढला नाही, असं मी तुला देवाशपथ लिहिलं. ते खरं होतं, म्हणूनच तसं लिहिलं. मदरनी मला कागद दिला होता. रेघी, पांढरा, आपल्याला वर्गात कधी मिळाला नाही असा. मी टेबलाशी बसले आणि शुद्ध इंग्रजीत, वर तारीख घालून, समासासकट लिहिलं : रविवारी कुठे जमतो, काय वाजवतो, मंडळात कोण कोण होतं. मिस, सुरेखा, लीना. मी माझं नाव लिहायला गेले तर मदर म्हणाल्या, "तुझं घालायची गरज नाही, तुझे वडील सरकारी वकील आहेत." मग त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मला ताप आला नव्हता. सुरेखाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी येऊन माफी लिहून दिली. मिसची नोकरी गेली. तुझी फी माफ होती, ती बंद झाली, आणि तू मॅट्रिकला बसली नाहीस. हे तुला सगळं माहीतच आहे. मी कधी लिहिलं नव्हतं, एवढंच.

मिसनी फळ्यावर नावं का घातली नाहीत, हे मला या मे महिन्यात कळलं. त्यांना तुझी फी दिसत होती. मला सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत तो विनय वाटला.

उरलेली पंचावन्न कार्डं मी मागच्या अंगणात जाळली. पेपरातलं जाळता येत नाही.

क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी मागत नाही. पण हे काम दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नंदकुमारना पाच रेघांतली वरची कुठली आणि खालची कुठली ते कळत नाही. तुला कळतं. या उन्हाळ्यात मी तिन्ही वह्या एकाखाली एक लिहून काढल्या. चार दळणं पहिल्यांदाच एका जागी आहेत, एकशे बारा पानं. मी परत आले तर मीच सगळं पोचवीन. नाहीतर नंदकुमार एक पेटी घेऊन तुझ्याकडे जबलपूरला येतील. त्यांना जेवायला घाल, ते लाजतात.

पेटीत वरच तुझी वही आहे, ती तुझी. अभ्राही धुऊन ठेवला आहे.

सुरेखाची वही तिच्या मुलीला परत द्यावी. तिला गाता येत नाही, तरी ती तिच्याच घरी राहावी. अन्नम्मा ऑक्टोबरात सौदीला जाते आहे, तिच्यासाठी आवाजाच्या भागाची नक्कल मी निळ्या पुठ्ठ्यात घातली आहे. ती नंदकुमार इथेच देतील.

माझी पायपेटीची वही अमरावतीला, मिसच्या पुतणसुनेकडे. पत्ता मागच्या पानावर आहे. तिनं ती फडताळात अंथरली तरी चालेल, पण हे काय आहे ते तिला एकदा कुणीतरी सांगावं.

क्लॅरिनेट नसीब कौरला आत्ता घरात नको आहे. ते नंदकुमारकडे राहील. ती मागेल तेव्हा तिला द्यायचं, ती मागेपर्यंत कुणालाही नाही, कुठल्या प्रदर्शनालाही नाही. अजैब सिंगांनी लिहून काढलेला भाग मात्र तिनं मागितला आहे. तिला तो वाचता येत नाही, पण त्यांचं अक्षर आहे. तो पोस्टानं पाठवू नका. अंबाल्याला त्यांची मुलगी असते, तिच्या हातात द्यायचा.

एकशे बारा पानं नागपूरला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. पहिल्या पानावर मिसचं नाव मी लिहिलं आहे. त्याखाली 'आवाज : सुरेखा', तिच्या मुलीनं होकार पाठवला आहे. अन्नम्मानंही स्वतः सही केली. तुझी ओळ मी कोरी ठेवली आहे, ती तू भर किंवा भरू नकोस. पायपेटीपुढेही काही लिहिलेलं नाही. मदरच्या त्या कागदावरून मी सुटले होते, तेव्हा इथे माझं नाव घालायचं की नाही हे तू ठरव.

शेवटची ओळ अजैब सिंगांची. ग्रंथालयात देण्याआधी अंबाल्याच्या मुलीकरवी नसीब कौरला विचार. कळवळून विचारू नकोस, मी विचारलं होतं तसं तर नकोच. तिला हो किंवा नाही म्हणता येईल असं विचार, आणि उत्तराला वर्ष लागलं तर वर्षभर थांब. ती नाही म्हणाली, तर तिथे फक्त 'क्लॅरिनेट' एवढंच लिही.

सुहासिनी